आंबलेली पेल एल

नोकरी गेल्यावर माणूस कशात मन रमवेल याचा नेम नसतो. आमच्या ओळखीतल्या एकाने मागच्या अंगणात मुळे लावले, एकाने घरातल्या सगळ्या कॅसेटींवर लेबलं चिकटवली, आणि माझ्या नवऱ्याने बिअर करायला घेतली. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहत होतो आणि आसपासच्या कॉम्प्युटर कंपन्या माणसं कमी करत सुटल्या होत्या. नवरा ज्या कंपनीत इतकी वर्षं सर्किटं डिझाइन करत होता, तिने त्याला एका सकाळी आत बोलावलं, तुमच्या कामाबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे असं सांगितलं, हात मिळवला आणि जेवायच्या आत घरी पाठवून दिलं.

बिअरचं सामान घरात होतंच. कधीतरी ख्रिसमसला ऑफिसातल्या लोकांनी त्याला गंमत म्हणून दिलं होतं. झाकणाचं मोठं प्लास्टिकचं पिंप, रबरी नळी, बाटल्यांना बुचं बसवायचं एक हत्यार. बेसमेंटमध्ये धूळ खात पडलेलं ते सगळं त्याने वर आणलं आणि माझ्या ओट्यावर मांडलं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजीत होते. दिवसभर लोकांच्या घशातले आणि लघवीतले जंतू वाढवायचे, ओळखायचे, त्यांची नावं कळवायची. घर आता माझ्या पगारावर आणि माझ्या इन्शुरन्सवर चाललं होतं, म्हणून मिळतील तेवढे शनिवार-रविवारही मी घेत होते. पाय दुखत घरी यावं तर कोपऱ्यात पिंप बुडबुडे काढत बसलेलं. जंतूंपासून मला कुठेच सुटका नव्हती. पण मी काही बोलले नाही, कारण त्या पिंपाचं तापमान बघायला तो सकाळी वेळेवर उठत होता. त्याआधीचे काही महिने उठतसुद्धा नव्हता.

त्या महिन्यांत अर्जामागून अर्ज जात होते. नकाराची पत्रं फार सुंदर कागदावर यायची. तुमची पात्रता पाहून आम्ही प्रभावित झालो आहोत, तुमचा अर्ज आम्ही जपून ठेवत आहोत. इंटरव्ह्यू झाला त्या कंपनीत फोन करून विचारलं तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणायची, "नो नो, यू वेअर ग्रेट!" इतका ग्रेट होता तर घेतला का नाही, ते मात्र कोणी सांगायचं नाही. मराठी मंडळात कोणी विचारलं की मीच पुढे होऊन सांगायचे, "सध्या कन्सल्टिंग करतोय." हा शब्द तेव्हा आमच्यात फार चालायचा. ज्याची नोकरी गेली तो कन्सल्टिंग करायला लागायचा, ऐकणारा काका लगेच "अरे वा, गुड गुड" म्हणायचा आणि सगळे जेवणाकडे वळायचे. अर्थ सगळ्यांना माहीत होता.

घरी आम्ही इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करायचो. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी, म्हणजे कंपनीची मॅनेजर, आणि समोर तो, टाय लावून. मी प्रश्न विचारायचे, तो उत्तरं द्यायचा. झालं की विचारायचा, "कसं झालं?" आणि मी म्हणायचे, "छान झालं रे. मार्केटच वाईट आहे." आम्ही दोघं एकाच कॉलेजातले, त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलं नाही. मंडळातल्या एक-दोन काकू त्यावरून नाकं मुरडायच्या. पण अरे-तुरे करणारी बायकोसुद्धा त्या दिवसांत नवऱ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागते. आवाज आपोआप खाली येतो.

पुढे पुढे त्याने टाय लावणं सोडलं. मग प्रॅक्टिसही सोडली. दाढी दोन-दोन दिवस राहायची. अर्ज मीच टाइप करायचे, तो फक्त सही करायचा, काय लिहिलंय तेही न वाचता. मी त्याला कधी टेक्निशियन केलं, कधी सेल्समन, एकदा तर शाळेतला गणिताचा मास्तर. तो कशालाच नाही म्हणाला नाही. मला त्याचीच भीती वाटायची. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. हा माणूस आता पुन्हा उभा राहणार नाही, आणि उरलेलं आयुष्य मी पायजम्यातल्या या माणसाला हळू आवाजात समजावत काढणार, असं मला रोज लॅबमधून घरी ड्राइव्ह करताना वाटायचं.

बिअरच्या पहिल्या दोन खेपा सिंकमध्ये ओतल्या गेल्या. तिसऱ्या खेपेला त्याने मनावर घेतलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि ठरवलं की करायची ती पेल एल नावाची बिअर. इंग्लिश पद्धतीची, तांब्याच्या रंगाची, जरा कडवट. कडवटपणा मात्र त्याने कमी केला, कारण आमच्याकडे कारल्याची भाजीसुद्धा गूळ घालून होते. कंपनीत सर्किटं करायचा त्याच मनाने तो कामाला लागला. जवाचं माल्ट तोलून घेतलं, घड्याळ लावून उकळलं, पाण्याच्या टबात ठेवून गार केलं, गाळलं, यीस्ट घातलं. पिंप, नळी, चमचे, बाटल्या सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढलं. घराला आठवडाभर स्विमिंग पूलचा वास येत होता.

बाटल्यांत भरून ठेवायचे दिवस संपल्यावर एका संध्याकाळी त्याने पहिली बाटली उघडली. रंग बघून मीही मान हलवली, इतका सुरेख होता. आमची मुलगी अभ्यास सोडून खाली आली, ग्लासाला नाक लावलं आणि म्हणाली, "बाबा, इट स्मेल्स लाइक दही." आणि वर निघून गेली.

त्याने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. मीही घेतला. मुलीचं बरोबर होतं. आधी माल्टची गोडी लागत होती, ती खरंच चांगली होती, आणि मागून स्वच्छ, गारेगार आंबटपणा. वाईट नव्हतीच. मला बिअर आवडत नाही, पण ती आवडली. बिअर म्हणून नाही, जेवणानंतर प्यायचा मठ्ठा म्हणून. हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी थेंबभर बिअर मी लॅबमध्ये नेली आणि दुपारच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली बघितली. दांडीसारखे, साखळीने जोडलेले. ओळखीचेच होते. आमच्या दह्याचं विरजण एका काकूंनी पुण्याहून रुमालात वाळवून आणलं होतं, आणि वूस्टरपासून बॉस्टनपर्यंत निम्म्या मराठी घरांत तेच लागत होतं. कोणाकडे विरजण मेलं की वाटी घेऊन शेजारच्या गावात जायचं, अशी आमची पद्धत होती. ते आता बिअरमध्येही लागलं होतं.

"पण गेलं कसं आत?" मी घरी येऊन सांगितल्यावर त्याने विचारलं. "मी सगळं सॅनिटाइझ केलं होतं."

"घरात रोज दही असतं," मी म्हणाले. "हवेतून गेलं असेल. तुझी काही चूक नाही."

त्याने मान हलवली. तुझी काही चूक नाही, हे वाक्य त्या वर्षी मी किती वेळा बोलले असेन त्याला हिशेब नाही.

वूस्टरला घरी बिअर करणाऱ्यांचा एक क्लब होता. त्याचा अध्यक्ष पेशाने डेंटिस्ट होता, मोठा उत्साही, लाल चेहऱ्याचा गोरा माणूस. एका चर्चच्या बेसमेंटमध्ये त्यांची स्पर्धा होणार होती आणि नवऱ्याने आपलं नाव आधीच देऊन ठेवलं होतं. आता बिअर ही अशी झालेली. कोणत्या गटात घालायची हे विचारायला त्याने डेंटिस्टला बोलावलं. एका रविवारी दुपारी तो आला, आमच्या टेबलाशी बसला, बिअर तोंडात घेऊन डेंटिस्टला शोभेल अशी खळखळवली आणि गिळली.

"मजेदार आहे," तो म्हणाला. "पण ही पेल एल नाही."

मग त्याने आम्हाला समजावलं. स्पर्धेत पेल एल, ब्राउन एल, पोर्टर, स्टाउट, लागर असे गट होते. परीक्षक बिअर चांगली लागते की नाही एवढंच बघत नाहीत. त्या गटातली बिअर कशी असायला हवी याचं चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं असतं आणि तुमची त्याच्या किती जवळ जाते ते बघतात. पेल एलच्या टेबलावर आंबट बिअर गेली तर परीक्षक एक घोट घेईल, 'बिघडलेली' असं लिहील आणि पुढच्या बाटलीकडे वळेल. पण शेवटी एक गट असतो, स्पेशालिटी. कुठेच न बसणाऱ्या सगळ्या बिअर तिथे. मधाची, आल्याची, कोणी भोपळ्याचीसुद्धा करतं. तिथे ही घाला, आणि खाली एक ओळ लिहा की ही भारतीय दह्याचं विरजण लावून केली आहे.

"परीक्षक खूश होतील," तो म्हणाला. "यापूर्वी कोणी आणलेलीच नाही. बक्षिसाची रिबन कुठे जात नाही बघा."

"पण मी दही लावलं नव्हतं," नवरा म्हणाला.

"आत दही आहे, हे खरं ना?"

"आहे."

"मग झालं की!" डेंटिस्ट हसला आणि उरलेला ग्लास संपवून गेला.

मला तर सुटल्यासारखं झालं. रिबन म्हणजे काय, दोन पैशाची रेशमी पट्टी. पण ती कोणीतरी माझ्या नवऱ्याच्या हातात देणार होतं, आणि त्यानंतरच्या गुरुवारी मार्लबरोला एका कंपनीत त्याचा इंटरव्ह्यू होता. कित्येक आठवड्यांनी आलेला पहिला. तो आदल्याच दिवशी मला म्हणाला होता की कॅन्सल करीन म्हणतो, कशाला उगाच जायचं-यायचं. मी म्हटलं होतं, बघू. माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. रिबन मिळेल, मान जरा ताठ होईल, तेवढ्यात गुरुवार येईल. आणि पेल एलच्या टेबलावर कोणी 'बिघडलेली' असं लिहून दिलं तर गुरुवारी हा पांघरूण डोक्यावर घेऊन पडणार, हेही मला स्वच्छ दिसत होतं.

रात्रीच्या जेवणाआधी तो स्पर्धेचा अर्ज घेऊन बसला. मी पोळ्या करत होते.

"स्पेशालिटीवर खूण कर," मी म्हणाले. "आणि ती दह्याची ओळ लिही."

"मी दह्याची बिअर केली नाही."

"झाली तर आहे ना?"

"झाली. मी केली नाही. मी पेल एल करायला गेलो आणि ती बिघडली."

"अरे, पण वेगळ्या गटात घातली की ती बिघडलेली राहत नाही. तेच तर तो सांगून गेला."

"तेच मला नको आहे," तो म्हणाला.

मी तव्यावरची पोळी काढून गॅस बंद केला. आठवडाभर लॅबमध्ये उभी होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळची शिफ्ट होती आणि हा माणूस बिअरवरून तत्त्वज्ञान सांगत होता. "तुला हरायचंच आहे का?" मी विचारलं. "सरळ जिंकता येतंय तर घे की एकदा. नोकरीच्या अर्जावर मी काय वाटेल ते लिहिलं तरी मुकाट सही करतोस. इथे कसला एवढा हट्ट?"

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "तू सगळ्या गावात मला कन्सल्टंट करून टाकलंस. मी काही बोललो नाही. आता माझ्या बिअरला स्पेशालिटी करतेस."

मला इतका राग आला की मी ताटं आपटतच वाढली. कोणासाठी करत होते मी हे? मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत गुपचूप जेवली. जेवण झाल्यावर त्याने पेन घेतलं, पेल एलसमोर खूण केली आणि पाकीट बंद केलं. मी भांडी घासत होते. राग होताच, पण हात पाण्यात असताना एकदम लक्षात आलं की कित्येक महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा मला नाही म्हणाला होता. बरं वाटायला हवं होतं. मी इतकी दमले होते की तेही धड वाटलं नाही.

स्पर्धेच्या शनिवारी मी शिफ्ट बदलून घेतली आणि त्याच्याबरोबर गेले. तो कोसळला तर गाडी कोणीतरी चालवायला हवी, असा माझा विचार होता. चर्चच्या बेसमेंटमध्ये लांबच लांब टेबलं, दाढीवाले पुरुष आणि चीजचे तुकडे. आम्ही दोघंच भारतीय. लोक प्रेमाने वागले. एकाने आवर्जून येऊन सांगितलं की त्याला चिकन करी आवडते. परीक्षक आतल्या खोलीत होते आणि आत जायची मनाई होती. आम्ही लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. मला बसल्या बसल्या डुलकी लागली.

निकाल वाचायला लागले तेव्हा नवऱ्याने मला कोपराने हलवलं. पेल एलमध्ये आमचं नाव कुठेच नव्हतं. स्पेशालिटीत पहिली आली भोपळ्याची बिअर. नंतर सगळ्यांना चाखायला दिली ती मी चाखली. त्यापेक्षा आपले घारगे पाण्यात कुस्करून प्यायलेले बरे. डेंटिस्ट लांबून आला, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी सांगत होतो. त्या गटात तुमचीच आली असती." मीही नवऱ्याकडे बघितलं. मला वाटतं, माझ्या तोंडावरही तेच लिहिलेलं असणार.

निघताना एका मुलीने त्याच्या हातात परीक्षकांचे दोन कागद दिले. बाहेर कडाक्याची थंडी होती. आम्ही गाडीत बसलो, त्याने इंजिन चालू करून हीटर लावला आणि दिव्याखाली कागद उघडले. आता होणार, असं मी मनात म्हटलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

पहिल्या परीक्षकाने मोजके शब्द लिहिले होते. आंबट. बिघडलेली. दुसऱ्याने पान भरून लिहिलं होतं, बारीक, तिरक्या अक्षरात, आणि मार्क मात्र पहिल्यापेक्षाही कमी दिले होते. नवऱ्याने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवायला लागला. त्याचं इंग्रजी वाचन चालू असताना मी मनातल्या मनात ते मराठीत ऐकत होते. ही पेल एल म्हणून मी नापास करतो. आंबट दुधाचा वास आहे, तो इथे असता कामा नये. तुमचं उकळणं नीट झालं आहे आणि यीस्टही चांगलं आहे, तेव्हा चूक उकळून गार झाल्यानंतरची आहे. गार झाल्यावर बिअरला कशाकशाचा स्पर्श झाला ते एकेक आठवून बघा. त्यातली एक गोष्ट स्वच्छ दिसत होती पण नव्हती. माल्ट आणि कडवटपणा यांचा मेळ तुम्हाला चांगला जमला आहे. ती एक गोष्ट शोधा आणि हीच बिअर पुन्हा करा.

त्याने कागद गुडघ्यावर ठेवून बोटांवर एकेक वस्तू मोजली. मग त्याने स्टीअरिंगवर थाप मारली.

"फडकं!"

"कसलं फडकं?"

"गार झाल्यावर मी गाळली ना. तुझ्या फडक्यातून."

"माझं कुठलं फडकं?"

"ते पांढरं. मलमलचं. वरच्या ड्रॉवरमधलं."

माझं चक्क्याचं फडकं! ज्यात दरवेळी मी श्रीखंडासाठी दही टांगायचे ते. पिंप, नळी, चमचे सगळं ब्लीचमध्ये बुडवणाऱ्या या इंजिनिअरने गाळायला माझं चक्क्याचं फडकं घेतलं होतं, आणि काम झाल्यावर शहाण्यासारखं धुऊन, घडी करून परत ठेवलं होतं. म्हणून मला कधी कळलं नाही.

"ते ब्लीचमध्ये का नाही घातलंस?" मी ओरडले.

"ते धुतलेलंच होतं," तो म्हणाला. "आपल्या घरचं फडकं. ते कशाला घालायचं ब्लीचमध्ये?"

दुकानातून आणलेली, अमेरिकन हातांनी केलेली प्रत्येक वस्तू त्याने निर्जंतुक केली होती, आणि घरचं म्हणून जे सोडलं त्यातच सगळं विरजण बसलेलं. मला हसू आवरेना. जंतूंवर पोट भरणारी बाई मी, पण ते फडकं मीसुद्धा कधी उकळून घेतलं नव्हतं. तोही हसायला लागला. पार्किंगमधून जाणारी माणसं आमच्याकडे वळून बघत होती. एवढं हरून हसणारं जोडपं त्यांनी पाहिलं नसावं.

आम्ही घरी निघालो. मी वाट बघत होते की आता हसणं ओसरेल आणि नेहमीचं सुरू होईल. मार्लबरोकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी मागे गेली तसा तो म्हणाला, "या माणसाने मला नापास केलं."

"हो रे," मी म्हणाले, आणि माझा आवाज पुन्हा खाली आला. "पण त्याने किती चांगलं पण लिहिलंय."

"तसं नाही म्हणत मी. त्याने नापास केलं आणि का केलं ते सांगितलं." तो समोर रस्त्याकडे बघत होता. "कंपनीने काढलं तर म्हणे तुमच्याबद्दल आदर आहे. इंटरव्ह्यूवाले म्हणतात ग्रेट. मंडळात म्हणतात मार्केट वाईट आहे यार. तू म्हणतेस छान झालं. इतक्या महिन्यांत मला कोणी सांगितलं नाही की माझं काय चुकतंय. चुकतच नसेल तर मग मी सुधारू काय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. इतके दिवस मी त्याला जपत होते असं मला वाटत होतं, आणि त्याला फोनवर ग्रेट म्हणणाऱ्या बायकांमध्ये आणि माझ्यात काही फरक वाटत नव्हता. फार लागलं ते मला. आणि खोटंही नव्हतं.

घरी आलो. मुलगी मैत्रिणीकडे राहायला गेली होती. मी कोट काढला, चहा टाकला, आणि बूट काढून पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकले. त्याने कागद टेबलावर ठेवले आणि माझ्या समोर बसला, प्रॅक्टिसला बसायचा तिथेच.

"गुरुवारी मी जातोय," तो म्हणाला. "आता तू सांग. मी इंटरव्ह्यूला बसतो तेव्हा काय चुकतं?"

"काही नाही रे," माझ्या तोंडून सवयीने निघालं.

त्याने परीक्षकाचा भरलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

माझ्या डोळ्यांची आग होत होती. मला झोपायचं होतं. आणि उत्तर मला माहीत होतं, पहिल्या प्रॅक्टिसपासून माहीत होतं.

"तू समोरच्याकडे बघत नाहीस," मी म्हणाले. "टेबलाकडे बघून बोलतोस. प्रश्न संपायच्या आत सॉरी म्हणतोस. तू स्वतः एकट्याने केलेल्या कामाला 'आम्ही केलं' म्हणतोस, मग त्यांना वाटतं दुसऱ्या कोणीतरी केलं. आणि पगाराचं विचारलं की असा हसतोस, जसं काही तुला नाही दिला तरी चालेल."

बोलताना मला वाटत होतं की प्रत्येक वाक्याला मी याला मारते आहे. पण तो खाली बघत नव्हता. सरळ माझ्याकडे बघत होता, मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता अशा नजरेने. कपाळाला आठी घालून, लक्ष देऊन. कामाच्या माणसासारखा.

"अजून?" तो म्हणाला.

चहा उतू गेला. मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले. अजून बरंच होतं.